काचेवरचा जवळा

काशीद, आपल्याच वाडीतले खोपट
३ डिसेंबर

कल्पिताच्या आईस,

मी कुठे गेलो म्हणून गावात कोणाला विचारत फिरू नकोस. मी मागच्या खोपटात आहे. सकाळी तू विहिरीवर आलीस तेव्हा माडाच्या झापांच्या फटीतून मी तुला पाहिले, पण हाक मारली नाही. कारण रागाचे नाही, कायद्याचे आहे.

मला माळीकामावरून निलंबित केल्याचा कागद मिळाला हे तुला रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात काम करता करता कळलेच असेल. आरोप काय तेही तुला माहीत आहे, पण कागदावर तो फार मोठा दिसतो. "पाणी तापवण्याच्या सोलर पाट्यांवर ओला जवळा पसरून कंपनीच्या मालमत्तेचा गैरवापर केला, त्यामुळे लग्नाच्या पाहुण्यांना थंड पाण्याने अंघोळ करावी लागली व कंपनीच्या लौकिकास बाधा आली." नवऱ्या मुलाचे मामा शिंकत शिंकत मॅनेजर विनेश साहेबांच्या केबिनमध्ये गेले, तेही त्यात लिहिले आहे. शिंकांसकट.

पुढे लिहिले आहे की चौकशी होईपर्यंत मी कामावर यायचे नाही, पण रोज फाटकावर येऊन सही करायची. काशीद सोडायचे नाही. पगार अर्धा. आणि साक्षीदारांना भेटायचे नाही, त्यांच्याशी बोलायचे नाही, त्यांच्यावर दबाव आणायचा नाही. साक्षीदारांची नावे खाली दिली आहेत. त्यात पहिले तुझे.

आता गाव सोडला तर एक गुन्हा आणि घरात झोपलो तर दुसरा. खोपट गावात आहे आणि घरात नाही. फार विचार करून मी इथे आलो आहे.

पत्र लिहिणे हा संपर्क होतो का, हे रफिकला विचारले. तो रिसॉर्टच्या गाडीतून पाहुण्यांना आगरदांड्याच्या जेट्टीवरून आणता आणता वकिलांच्या गप्पा ऐकतो, त्याला बरेच कळते. तो म्हणाला, "काका, जबाब आला तर संपर्क. एकतर्फी लिवलेला कागद म्हणजे कागदच." तेव्हा तू उत्तर देत नाहीस तोवर आपण दोघे नियमात आहोत. देऊ नकोस. हे पत्र तोच तुला देईल.

माझ्याकडून खुलासा मागितला होता, तो मी दिला. माझ्याच हाताने लिहिला. त्यात तुला सांगण्यासारखे काही नाही.

इथे डास आहेत. माझे जाड पांघरूण कुंपणावर टाकलेस तर तो संपर्क होणार नाही असे मला वाटते.

कल्पिताचे बाबा

ता. क. मोटारीचे बटण रात्री बंद करत जा. काल टाकी वाहत होती आणि मला ओरडता येत नव्हते.


खोपट
९ डिसेंबर

कल्पिताच्या आईस,

पांघरूण मिळाले. थाळीही रोज कुंपणाच्या दगडावर मिळते, त्याबद्दल तक्रार नाही. पण पहिल्या दिवशी भाकरीबरोबर बांगड्याचे कालवण होते, दुसऱ्या दिवशी नुसता रस्सा, आणि परवापासून भाकरी आणि मीठ. मला वाटले बाजारात मासळी नसेल. पण वास तर घरातून सुरमईचा येत होता. वारा खोपटाकडेच असतो हे तुला माहीत आहे.

काल रफिकने कारण सांगितले. विनेश साहेबांनी माझा खुलासा स्वयंपाकघरात वाचून दाखवला. सगळ्या बायकांसमोर.

आता लपवून उपयोग नाही. त्यात मी लिहिले होते की, "सदर जवळा माझी पत्नी सौ. कृष्णाबाई हिचा असून तिने सांगितल्यावरून मी तो वर टाकला." मी घाबरलो होतो. साहेब समोर बसले होते, घड्याळाकडे बघत होते. चौथी शिकलेल्या माणसाला कोरा कागद दिला की त्याच्या मनात जे पहिले येते ते तो लिहितो. माझ्या मनात पहिले तू आलीस. याचा तू चांगला अर्थही घेऊ शकतेस.

आणि खोटे तरी काय लिहिले? जवळा तुझाच होता. तू म्हणाली होतीस, "गच्चीवर टाका, घराकडं कावळे ठेवत न्हाय." काचेवर टाका असे म्हणाली नव्हतीस, हे मला मान्य. पण गच्चीवर काचेशिवाय आहे काय? आणि काचेवर कावळा बसत नाही. स्वतःलाच खाली बघून तो दचकतो. ही गोष्ट मी पाट्या पुसता पुसता पाहिलेली आहे. जवळा वाळलाही किती सुरेख, तू बघायला हवे होतेस. पण तो उचलायच्या आतच पाहुणे हळद उतरवायला अंघोळीला गेले.

तो जवळा आता पुरावा झाला आहे. साहेबांनी पिशवीत भरून, वर सही करून स्वतःच्या केबिनमध्ये ठेवला आहे. मोरू वॉचमन सांगतो की साहेब एसी लावून, खिडकी उघडी ठेवून, नाकाला रुमाल धरून बसतात, आणि दाराशी गावातली सगळी मांजरे बसतात. तरी पुरावा बाहेर ठेवता येत नाही म्हणे.

मी फाटकावर सही करतो. मोरू गजांतून वही बाहेर धरतो, कारण माझा पाय आत पडता कामा नये. काल आतली जास्वंद पार मान टाकून उभी होती. मी मोरूला खुणेने सांगितले, पाणी घाल. त्याला वाटले मी पाणी मागतोय. त्याने ग्लास आणला. मग मला जरा ओरडावे लागले. माझा आवाज तुला माहीत आहे, साहेब बाहेर आले.

"धर्मा, तू सस्पेंड आहेस ना?"

मी म्हटले, "मी हाय साहेब, जास्वंद न्हाय."

हे बोलायला नको होते असे आता वाटते. रात्रभर तेच डोक्यात होते.

मीठ जरा कमी घाल.

कल्पिताचे बाबा


हरिहरेश्वर
१८ डिसेंबर

कल्पिताच्या आईस,

तुला कळलेच असेल. निलंबन मागे घेतले आणि चौकशी संपेपर्यंत माझी इथल्या रिसॉर्टवर बदली केली. कागदात "कामकाजाच्या सोयीसाठी" असे लिहिले आहे. रफिक म्हणतो, खरे कारण जास्वंद. फाटकावर ओरडणारा माणूस खाडीच्या पलीकडे गेलेला बरा. पगार आता पूर्ण मिळेल. पण चौकशीत दोषी ठरलो तर नोकरी जाऊ शकते, हे त्याच कागदात शेवटी बारीक अक्षरात आहे. मी ते सारखे वाचतो.

निघताना घराकडे पाहून हात करणार होतो. तू दारात होतीस. पण तू आत गेलीस.

इथे मला बागेत जाऊ देत नाहीत. बाग म्हणजे पाईप, पाईप म्हणजे पाणी, आणि पाण्याशी माझा संबंध येऊ नये असे वरून सांगितले आहे. मला दारात उभे केले आहे. अंगात कोट. हातात शिंपल्यांचे हार. गाडी आली की हार घालायचा, वाकायचे आणि "वेलकम" म्हणायचे. पहिल्या दिवशी मी जो गाडीतून उतरेल त्याला हार घालत होतो. गॅसच्या सिलिंडरवाल्याला घातला. विजेचे बिल घेऊन आलेल्याला घातला. तो म्हणाला, "बिल तरी पण भरावंच लागंल." पाहुणा कोणता आणि कामाचा माणूस कोणता, हे कोट घातल्यावर मला ओळखता येईनासे झाले आहे.

इथल्या मॅनेजरीण बाई चांगल्या आहेत. पण मी कशासाठी आलोय हे सगळ्यांना माहीत आहे. जेवायला बसलो की कोणीतरी विचारते, "काका, गच्ची दाखवू का?"

इथला जवळा बरा नाही. वाळूवर वाळवतात, दाताखाली कचकच येते. हे मी कोणाला बोललो नाही. जवळ्याबद्दल मी आता कोणाशीच बोलत नाही.

रफिक म्हणाला की तू स्वयंपाकघरात जवळ्याची चटणी करणे बंद केले आहेस. पाहुणे मागतात तर तू सांगतेस, "जवळा साहेबांच्या केबिनमदी हाय, त्यांना विचारा." हे माझ्यासाठी केलेस की साहेबांना चिडवायला, ते कळत नाही. रफिकला विचारले. तो म्हणाला, "काका, चाचीला मी काय असा विचारू? माझा डबा बंद व्हायचा."

तुझ्या गुडघ्याला तेल लावत जा. माळ्यावर चढू नकोस. माळ्यावरचे मी आल्यावर काढीन. आलो तर.

कल्पिताचे बाबा


हरिहरेश्वर
४ जानेवारी

कल्पिताच्या आईस,

परवा चौकशी आहे. अलिबागहून प्रणाली मॅडम म्हणून वकीलबाई येणार आहेत. त्या कंपनीच्या नाहीत आणि आपल्याही नाहीत. साहेब कंपनीच्या बाजूने बोलणार. माझ्या बाजूने एक सहकारी बसू शकतो, म्हणून मी रफिकचे नाव दिले. त्याने नवा शर्ट घेतला आहे.

रफिकने सगळा विचार केला आहे. तो म्हणतो, पाट्यांवर जवळा टाकताना मला कोणी पाहिलेले नाही. खुलाशातही मी "वर टाकला" इतकेच लिहिले आहे, आणि वर म्हणजे काचेवरच असे काही नाही, गच्चीची फरशीही वरच असते. तेव्हा साक्षीदार म्हणून तू बसलीस की मी तुला एकच प्रश्न विचारायचा. "तुम्ही मला टाकताना डोळ्यांनी पाहिले का?" बस्स. मग नोकरी वाचली.

हे तुला आधी सांगणे म्हणजे साक्षीदारावर दबाव, म्हणून मी ते सांगत नाही. तू जे खरे आहे तेच सांग. खरे असे आहे की तू तेव्हा स्वयंपाकघरात होतीस आणि तुला काही दिसले नाही. ही ओळ खोडणार होतो, पण पेन नीट चालत नाही.

तुला प्रश्न विचारताना मी "तुम्ही" म्हणणार आहे. रफिक म्हणतो तिथे तसेच लागते. मी इथे आरशासमोर म्हणून पाहिले, हसू येते. तू हसू नकोस.

साडी कोणती नेसशील? ती निळी नेस. उगाच म्हणतो.

कल्पिताचे बाबा


हरिहरेश्वर
८ जानेवारी

कल्पिताच्या आईस,

त्या दिवशी तुझी साक्ष झाली आणि तू मागे न बघता स्वयंपाकघरात निघून गेलीस. मला लगेच संध्याकाळची बोट धरायची होती. आज चौकशीच्या कामकाजाची नक्कल हातात आली. ती आरोपीला मिळते, साक्षीदाराला मिळत नाही. पण प्रणाली मॅडमनी आपले बोलणे कसे लिहून घेतले ते तुला कळावे असे वाटले, म्हणून उतरवून पाठवतो.

"प्रश्न: जवळा कोणाचा होता?
उत्तर: माझा.
प्रश्न: ज्यांच्यावर आरोप आहे त्या कर्मचाऱ्याला आपण ओळखता?
उत्तर: लग्न झाल्यापासून.
प्रश्न: त्यांचे नाव सांगा.
(साक्षीदार गप्प.)
व्यवस्थापन प्रतिनिधी श्री. विनेश: साक्षीदार माहिती दडवत आहेत.
साक्षीदार: दडवत न्हाय. नवऱ्याचं नाव मी घेत न्हाय.
प्रश्न: नोंदीसाठी नाव लागेल.
साक्षीदार: मंग चारचौघांत घ्यायच्या रीतीनंच घेईन.
चौकशी अधिकाऱ्यांनी परवानगी दिली. साक्षीदारांनी पदर सारखा करून पुढीलप्रमाणे सांगितले:

गच्चीवरच्या उन्हात जवळा वाळला खडखडीत,
धर्माजींचं नाव घेते चौकशीच्या बैठकीत.

खिडकीबाहेर स्वयंपाकघरातील महिला कर्मचारी टाळ्या वाजवत होत्या, त्यांना कामावर जाण्यास सांगितले.
श्री. विनेश: साक्षीदारांनी आरोपीचे नाव घेतले, याची नोंद व्हावी.
चौकशी अधिकारी: नाव घेतले. जवळा त्यांनी टाकला असे त्या म्हणालेल्या नाहीत."

हे मॅडमनी शब्दाला शब्द लिहिले आहे. टाळ्यासुद्धा. मी त्या वेळी कुठे बघत होतो ते लिहिलेले नाही, हे बरे झाले. तुझ्या तोंडून नाव ऐकले ते लग्नात. मग परवा. निळी साडीही होती.

पुढची नक्कल अशी:

"कर्मचाऱ्यास साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याची संधी देण्यात आली.
प्रश्न: अजून राग हाय का?
श्री. विनेश यांची हरकत. कर्मचारी प्रतिनिधी श्री. रफिक यांनीही कर्मचाऱ्याची बाही ओढली.
उत्तर: हाय.
प्रश्न: कशाचा?
उत्तर: एवढा संसार झाला, माझं नाव घ्यायला तुम्हाला कधी वेळ गावला न्हाय. घेतलं ते खुलाशात. तेबी माझ्यावर ढकलायला.
(साक्षीदार कर्मचाऱ्याकडे वळल्या.)
उत्तर पुढे चालू: जवळा काचेवर टाका असं मी सांगितलं व्हतं?
येथे प्रश्न साक्षीदाराने विचारला असल्याने तो नोंदवावा किंवा कसे यावर चर्चा झाली. नोंदवण्यात आला.
कर्मचारी: न्हाय. तू गच्ची म्हणालीस. काच मीच बघितली. कावळ्यांपायी मीच टाकला. तिचा काय संबंध न्हाय, लिवून घ्या मॅडम. खुलाशातलं तिचं नाव काढून टाका.
श्री. विनेश: कबुली! ही कबुली आहे!
श्री. रफिक यांनी डोके टेबलावर ठेवले. त्यांना पाणी देण्यात आले."

रफिक बोटीवर माझ्याशी बोलला नाही. दिघीला उतरल्यावर म्हणाला, "एक सवाल दिलेला तुमाला काका. एकच. पोपटपण बोलला असता." मी म्हटले, रफिक, मला तो प्रश्न पाठ होता. पण इतक्या दिवसांनी तिच्याशी बोलायला परवानगी मिळाली, आणि मी विचारायचे काय, तर जवळा?

नोकरी जाईल असे तो म्हणतो. मला रात्रभर झोप नाही. पण विचार करतो तेव्हा नोकरीचा कमी येतो आणि तू "हाय" म्हणालीस त्याचाच जास्त. "हाय" म्हणालीस तेव्हा माझ्याकडे बघितलेस. राग असलेले माणूस बघत नाही असे मला वाटते. चूक असेल तर कळव.

आता कळवता येईल. तुझी साक्ष झाली. रफिकला खात्री करून विचारले आहे. आता तू साक्षीदार नाहीस, उत्तर दिलेस तरी कोणताही नियम मोडत नाही.

तरी नाही दिलेस तर मात्र त्याला कायद्याचे कारण नाही, हे मला समजेल.

कल्पिताचे बाबा


काशीद
१९ जानेवारी

कल्पिताच्या बाबांस,

सगळी पत्रे मिळाली. उत्तर देऊ नकोस असे तुम्हीच लिहिले होते.

निकाल तुम्हाला टपालाने येईल, पण विनेश साहेबांनी तो स्वयंपाकघरात वाचून दाखवला, म्हणून मला आधी कळला. तुम्ही खरे बोललात आणि आधी कधी तक्रार नव्हती, म्हणून लेखी ताकीद देऊन काशीदला परत घेतले आहे. काम माळ्याचेच. गच्चीवर चढायचे नाही. पाट्या आता मोरू पुसतो. जास्वंद मेली नाही, मी पाणी घालत होते.

पुरावा साहेबांनी परत दिला. पिशवी अर्धीच होती, बाकी मांजरांनी नेली. साहेब म्हणाले, "मावशी, घेऊन जा लवकर, हात जोडतो." उरलेल्याची चटणी केली. तुमचे बरोबर होते, काचेवर छान वाळतो. हे कोणाला बोलू नका.

राग असलेले माणूस बघते. तुम्हाला अजून तेवढे कळत नाही.

तुमचे नाव एकदा घेतले, आता परत मागू नका. माझे मात्र एकदा नीट घेणे बाकी आहे. खुलाशात नाही, घरात. यमक जुळवायला रफिकला विचारू नका.

शुक्रवारच्या सकाळच्या बोटीने या. येताना त्या कोटाचे काय करायचे ते तिथल्या बाईंना विचारून या, उगाच अंगात घालून निघाल आणि त्याची नवी चौकशी लागेल.

आणि सरळ घरात या. खोपटात मी या वर्षीच्या जवळ्याच्या टोपल्या भरून ठेवल्या आहेत. तिथे आता माणसाला पाय पसरायला जागा नाही.

कल्पिताची आई